प्राचीन ग्रंथांवर तुलनात्मक पीएचडी करताय? या चुका टाळा

पंचतंत्र संस्कृतातून थेट अरबीत गेलं, असं गृहीत धरलेला प्रबंधाचा आराखडा पहिल्याच चर्चेत कोसळतो. मध्ये एक हरवलेलं भाषांतर आहे. सहाव्या शतकात, इराणचा राजा खुस्रो अनुशिरवानच्या काळात, बुर्झोय या वैद्याने केलेलं पहलवी (म्हणजे जुन्या फारसीतलं) भाषांतर आज उपलब्ध नाही. त्यावरून आधी सिरियाक (पश्चिम आशियातली एक जुनी भाषा) भाषांतर आणि मग आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाचं अरबी ‘कलीला व दिम्ना’ तयार झालं. त्यामुळे ‘इथे अरबी लेखकाने बदल केला’ असं लिहिण्याआधी सिरियाक पाठ बघावाच लागतो. सिरियाक आणि अरबी जुळत असतील आणि संस्कृत वेगळं असेल, तर बदल पहलवीत झालेला असू शकतो, किंवा बुर्झोयसमोरची संस्कृत पोथीच वेगळी असेल. अरबी एकटंच वेगळं पडलं, तर शंका अरबीवर घ्यावी. सिरियाक किती मोलाचं, हे नावांतही दिसतं: पंचतंत्रातले दोन कोल्हे करटक-दमनक तिथे कलिलग-दमनग होतात, अरबीत कलीला-दिम्ना. शेवटचा ‘ग’ पहलवीचा, तो अरबीत गळाला.

म्हणून ‘तिसरी भाषा (इथे सिरियाक) पुढे बघू’ ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. ती पहिल्याच वर्षी सुरू करा.

छापील अरबी आवृत्ती म्हणजेच इब्न अल-मुकफ्फाचे शब्द, असंही धरू नका. हाती असलेल्या जुन्यात जुन्या अरबी प्रती तेराव्या शतकातल्या आहेत, म्हणजे त्याच्यानंतर जवळजवळ पाचशे वर्षांनी लिहिलेल्या, आणि त्यांच्यातही आपसात मोठे फरक आहेत.

पोथ्यांची मतमोजणी करू नका. एकाच पोथीवरून उतरवलेल्या दहा प्रती म्हणजे एकच साक्ष. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक (अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेल्या) आवृत्तीत वि. स. सुखटणकरांनी बहुमताकडे न बघता पाठपरंपरांची आधी वर्गवारी केली. पोथ्यांमध्ये पाठांची सरमिसळ झालेली असल्यामुळे कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली याचा शुद्ध वंशवृक्ष मांडता येत नाही, हेही त्यांनी मान्य केलं. तो प्रामाणिकपणा प्रत्येक प्रबंधात हवा. वंशवृक्ष बसत नसेल तर तो ओढूनताणून काढू नका. कोणत्या प्रती कुठे एकत्र येतात एवढंच दाखवा.

तारखांचा घोळ आपल्या मंडळींकडून हमखास होतो. जैन मुनी पूर्णभद्राने आपला पंचतंत्राचा पाठ 1255 साली, फाल्गुनात पूर्ण केला. सवयीने शक समजून 78 मिळवले, तर 1333 येतं. पण हे विक्रम संवत आहे. 57 वजा केले तरी 1198 येतं, आणि तेही चूक. फाल्गुन इंग्रजी नववर्षानंतर येत असल्याने इथे 56 वजा करून 1199 धरायचं. शिवाय हे रचनेचं वर्ष आहे. लेखनिक ते जसंच्या तसं उतरवतो, त्यामुळे ते प्रतीचं वय ठरत नाही. प्रतीसाठी लेखनिकाची स्वतःची नोंद, कागद आणि अक्षराचं वळण बघा.

पाठभेद (प्रतींमधले शब्दांचे फरक) नोंदवताना ‘सोपा तोच मूळ’ असं मानू नका. लेखनिक कठीण शब्द सोपा करतो, उलट क्वचितच. मात्र निरर्थक पाठ केवळ अवघड दिसतो म्हणून मूळ ठरत नाही.

आणि फोटो काढताना एक साधी गोष्ट: उत्तर भारतीय पोथीत पत्रांक (पानाचा क्रमांक) बहुधा पानाच्या मागच्या बाजूला असतो. फक्त पुढची बाजू टिपली, तर क्रम लावताना डोक्याला हात लावायची वेळ येते. दोन्ही बाजू समासासकट टिपा आणि फाइलच्या नावात संग्रह क्रमांक, पत्रांक आणि बाजू त्याच दिवशी लिहा.