सूत्रं खेळाडूंच्या हाती देताय? या चुका टाळा

"तुम्ही एका नव्या गावात शिरताय. कसं आहे हे गाव? तूच सांग." टेबलाभोवती बसून, प्रत्येकानं एकेक पात्र घेऊन गोष्ट रचत खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये जीएम (गेम मास्टर, म्हणजे जग आणि संकटं उभी करणारा) म्हणून मी मोठ्या उत्साहात हा प्रश्न एका खेळाडूला टाकला होता. तो डाइस बोटांत फिरवत राहिला, बाकीचे आपापल्या कॅरेक्टर शीटमध्ये, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदात, डोकं खुपसून बसले. शेवटी तो म्हणाला, "काहीही ठेव ना." यांना कल्पनाच सुचत नाहीत, असं म्हणून मी पुढचे दोन महिने सगळं स्वतःच ठरवत राहिलो. खरं तर माझा प्रश्नच वाईट होता.

कोरा कागद पुढे सरकवला की भल्याभल्यांची बोलती बंद होते. आता तोच प्रश्न असा विचारून बघा: "या गावात एक सावकार आहे, त्याचे पैसे तू बुडवलेत. त्याच्या नजरेला पडायचं नाही, तर कुठल्या वाटेनं आत शिरशील?" अर्ध्या मिनिटात उत्तर येतं. स्मशानामागची वाट, तिथला ओळखीचा राखणदार, त्याला द्यावी लागणारी दारू, सगळं खेळाडूच सांगतो. कारण आता तुम्ही त्याला लेखक व्हायला सांगत नाही, त्याच्या पात्राला आधीच ठाऊक असलेलं विचारताय. अर्धी गोष्ट तुम्ही रचायची आणि एकच जागा मोकळी सोडायची.

दुसरी चूक याच्या उलट टोकाची, आणि हौशी जीएम हमखास करतात ती. एका पार्टीनं (खेळाडूंच्या पात्रांच्या गटानं) चार सेशन, म्हणजे खेळाच्या चार बैठका, खपून एक तिजोरी गाठली. कुलूप उघडलं आणि मी दिलदारपणे विचारलं, "आत काय आहे?" खेळाडू म्हणाली, "आपण शोधत होतो तो नकाशा." झालं. सगळे "अच्छा" म्हणाले आणि चार सेशनची हवा फुस्स झाली. अडचण आणि तिचं उत्तर दोन्ही एकाच माणसानं ठरवली की खेळात राम उरत नाही. गेम डिझाइन करणारी मंडळी हे फार पूर्वीपासून सांगत आलीत, पण मला ते त्या तिजोरीपाशी कळलं.

म्हणून वाटणी करा. तिजोरीत काय आहे ते खेळाडूनं सांगितलं, तर ते बाहेर काढण्याची किंमत तुम्ही ठरवा. किंवा तिजोरीबद्दलची भीतीदायक अफवा तिनं सांगावी, आणि अफवेत खरं किती हे तुमच्याकडे राहू द्या.

"पण मग खेळाडू प्रत्येक संकटातून 'मी आधीच सोय केली होती' म्हणून सुटतील!" ही तक्रार नेहमी येते, आणि ती खोटी नाही. त्यावर खेळाडूंचे हात बांधण्यापेक्षा अशा घोषणेला किंमत लावणं बरं. 'ब्लेड्स इन द डार्क' या गेममध्ये फ्लॅशबॅक, म्हणजे आधी केलेली तयारी मागाहून सांगणं, असाच चालतो. किंमत स्ट्रेसमध्ये, म्हणजे पात्रावर चढणाऱ्या ताणाच्या गुणांत, मोजायची. साधी तयारी केली असेल तर 0 स्ट्रेस, जरा अवघड किंवा योगायोगाची असेल तर 1, फारच गुंतागुंतीची असेल तर 2 किंवा जास्त. वर अट अशी की टेबलवर जे घडून गेलंय ते पुसता येत नाही. 'फेट' या गेममध्ये गोष्टीत तपशील घालायला फेट पॉइंट, म्हणजे खेळाडूकडचा एक गुण, खर्चावा लागतो. तुमच्या सिस्टममध्ये (गेमच्या नियमांत) असलं काही नसेल, तर प्रत्येकाला सेशनमागे एक टोकन द्या आणि विषय संपवा.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक: उत्तर मागायचं आणि मग गुंडाळून ठेवायचं. एका खेळाडूनं सांगितलं होतं की तिची टोळी लहान मुलांना कधीच हात लावत नाही. मी मान डोलावली, "भारी" म्हटलं. तीन सेशननंतर माझ्या ठरलेल्या कथानकात त्याच टोळीनं एक मूल पळवलं. ती काही बोलली नाही. पण त्यानंतर मी काहीही विचारलं की ती म्हणायची, "तूच ठरव." खेळाडू एकदा असं म्हणायला लागला की त्याला परत बोलतं करायला फार वेळ जातो. आता मी उत्तर सगळ्यांसमोर वहीत लिहितो आणि जमलं तर त्याच सेशनमध्ये वापरतो. बदल करावासा वाटलाच तर आधी विचारतो: "टोळीत कुणीतरी हा नियम मोडलाय, असं चालेल का?" बहुतेक वेळा उत्तर "हो, आणि मला माहितीये कोण" असं येतं.

बाकी दोनचार गोष्टी थोडक्यात. प्रश्न सगळ्या टेबलला उद्देशून विचारला की सर्वांत मोठा आवाज जिंकतो. नाव घेऊन एकालाच विचारा. एकाच्या पात्राचा भूतकाळ दुसऱ्यानं परस्पर ठरवायचा नाही, मग कल्पना कितीही झकास असो. नको असलेला प्रसंग थांबवायचा हक्क प्रत्येकाला हवा. त्यासाठी मधे एक्स कार्ड ठेवा. कुणी त्याला हात लावला की तो भाग वगळायचा, कारण विचारायचं नाही. आणि काहीजणांना खरंच काही रचायचं नसतं. त्यांना जग शोधायचं असतं, बनवायचं नसतं. त्यांच्या मागे लागू नका, तो आळस नव्हे.

हे सगळं पाळूनही गाडी अडत असेल, तर आपल्या तयारीकडे बघा. 1974 च्या पहिल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये आपल्या भूमिकेला रेफ्री म्हणत आणि तळघराचे नकाशे त्यानं खेळाआधी काढून ठेवायचे असत. ती सवय आपल्यात चांगलीच मुरलीये. वीस पानांची तयारी करून बसलेला जीएम खेळाडूचं उत्तर ऐकताना मनात हिशेब करतो की यानं माझी किती पानं वाया जाणार. मी आता दोन पानांवर थांबतो आणि नकाशा अर्धवट सोडतो.

सध्याच्या नकाशावर नदीपलीकडे मी काहीच काढलं नव्हतं. गेल्या वेळी एका खेळाडूनं तिथे पेन्सिलीनं दीपगृह काढलं. जवळपास समुद्र नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. "माझा आजा तिथे कामाला होता," एवढंच म्हणाला. दीपगृह त्याचं, आजा त्याचा. तिथला दिवा रात्री कोण लावतं, ते मी माझ्याकडे ठेवलंय.