मट शिकताय? या चुका टाळा

मट हा ईमेल वाचायचा-पाठवायचा प्रोग्राम 1995 पासून आहे, टर्मिनलमध्ये (म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत) माऊसशिवाय, कीजवर चालतो, आणि एकदा हात बसला की मेल्सचा ढीग मिनिटात उपसून होतो. मॅन्युअल पण आहे, भलीमोठी, पण तिचा मोठा भाग ऑप्शन्सची यादी आहे, कुठला ऑप्शन अंगाशी येईल ते बहुतेकांना अंगाशी आल्यावरच कळतं.

सगळ्यात डेंजर चूक म्हणजे कॅपिटल डी दाबून बिनधास्त एखादा शब्द टाकणं. हा डी पॅटर्न, म्हणजे कुठली मेल्स उडवायची त्याची अट, मागतो. टिल्ड (~ हे चिन्ह, त्यापुढच्या अक्षराने कुठे शोधायचं ते ठरतं) न लावता साधा शब्द दिला तर मट तो पाठवणाऱ्यात आणि विषयात दोन्हीकडे शोधतो, इथपर्यंत ठीक, पण काही शब्द त्याने स्वतःसाठी राखून ठेवलेत. मला विषयात 'न्यू' असलेल्या जाहिराती उडवायच्या होत्या, डी दाबला, न्यू टाइप केलं, एंटर. मटच्या लेखी नुसतं न्यू म्हणजे सगळी नवीन आलेली मेल्स! यादीत डी-डी-डी अशी पुसायच्या खुणांची रांग दिसत होती की समोर, पण मी घाईत बाहेर पडायला क्यू दाबला, त्याने पुसू का विचारलं, तिथे आधीच हो धरलेलं असतं, सवयीने परत एंटर. आयमॅप होतं, म्हणजे मेल्स सर्व्हरवरच ठेवायची पद्धत, त्यामुळे सर्व्हरवरूनच गेली. मग बसलो लोकांना 'जरा परत पाठवता का' म्हणत.

आता मी आधी एल दाबून (याने यादी गाळली जाते, काही पुसलं जात नाही) टिल्ड एस, म्हणजे फक्त विषयात शोध, लावून तोच शब्द देतो, समोर काय उरतं ते डोळ्यांनी बघतो, मगच डी. डीने फक्त खूण होते, मेल जाते डॉलर किंवा क्यू दाबल्यावर, म्हणून शंका आली की एक्स दाबून काही न पुसता बाहेर पडायचं. आणि पुसलेली मेल्स जाऊन पडतील असा ट्रॅश फोल्डर पहिल्याच दिवशी सेट करा, नंतर करू म्हणणाऱ्यांपैकी मीच एक होतो.

दुसऱ्याचा मटआरसी, म्हणजे मटची सेटिंग्जची फाइल, उचलून चिकटवणं हा दुसरा आजार. त्यात बॅकटिकमध्ये (` या उलट्या अवतरणचिन्हांत) लिहिलेलं, मट फाइल वाचतानाच शेल कमांड म्हणून, म्हणजे थेट तुमच्या मशीनवर, चालतं, हे किती जणांना माहीत असतं? शिवाय फोल्डर-हुक, म्हणजे एखादा फोल्डर उघडला की आपोआप लागणारं सेटिंग. ऑफिसच्या फोल्डरसाठी फ्रॉम (पाठवणाऱ्याचा पत्ता) बदललात की तो फोल्डर सोडल्यावर आपोआप जुना होत नाही, घरच्या मेलला ऑफिसच्या पत्त्यावरून उत्तर जातं. सगळ्यात वर नुसत्या टिंबाचा (टिंब म्हणजे कुठलाही फोल्डर) एक हुक टाका आणि त्यात मूळ सेटिंग लिहा. मी एका वेळी एकच ओळ घालतो, दोन दिवस वापरतो, मग पुढची. दोनशे ओळी एकदम चिकटवून 'चालत नाही' म्हणणाऱ्यांना मी आता उत्तरच देत नाही.

बाकी किरकोळ. पासवर्ड उघडा लिहू नका, जीपीजी या एन्क्रिप्शनच्या प्रोग्रामने बंद करा. एचटीएमएल मेल (वेबपानासारखी सजवलेली) मटच्या आत दिसत नसेल तर बहुधा मेलकॅपमध्ये (कुठल्या प्रकारची मेल कशाने उघडायची ते सांगणारी फाइल) कोपियसआउटपुट हा शब्द राहिलाय. यादीत एखाद्या कामाला बांधलेली की मेल उघडल्यावर चालत नाही कारण इंडेक्स (मेल्सची यादी) आणि पेजर (उघडलेली मेल) वेगळे, दोन्हीकडे बांधा. कुठे अडलात तर प्रश्नचिन्ह दाबा, त्या स्क्रीनवरच्या सगळ्या कीज समोर येतात.