फ्रेंच येत नसताना आद्यानी कशी ऐकावी

आमच्या नागपुरात मे महिन्यात पहिलं काम म्हणजे कूलर बंद करणं. त्या घरघरीत इझाबेल आद्यानीचा आवाज ऐकूच येत नाही. ही बाई फ्रेंच सिनेमातली नटी, गायिका नव्हे. 1983 साली तिनं एक अल्बम केला. संगीत फ्रेंच गायक-संगीतकार सर्ज गेन्सबूरचं, काही गाण्यांचे शब्द दोघांनी मिळून लिहिलेले. ती जवळजवळ कानात कुजबुजते. म्हणून हेडफोन लावा, आवाज कमीच ठेवा.

पहिल्या वेळी अर्थ शोधू नका. मी मोबाइलवर भाषांतर उघडून बसलो आणि गाणं हातचं गेलं.

दुसऱ्या वेळी एकच गाणं घ्या, 'प्युल मारीन', म्हणजे नेव्ही ब्लू स्वेटर. (पंचेचाळीस डिग्रीत स्वेटरचं गाणं! बायको अजून हसते.) स्वेटर कोपरावर फाटलाय आणि तिनं तो मुद्दाम शिवलेला नाही. कोपर म्हणजे 'कूद', पुन्हा शिवणं म्हणजे 'रकूद्र'. हे दोन शब्द कानानं पकडा. यमक सापडलं की पुढचं आपोआप उलगडतं. मग भाषांतर वाचा, आधी नाही.

या गाण्याचा व्हिडिओ शेवटी बघा. तो फ्रेंच सिनेदिग्दर्शक ल्युक बेसाँनं केलाय. आधी पाहिला तर डोळेच ऐकू लागतात.

जुनी तबकडी मिळाली तर ती उभी ठेवा, आडवी नको, आणि गच्चीखालच्या खोलीत तर नकोच. माझी एक तिथंच पापडासारखी वाकली. आता सुई दर फेरीला उडी मारते.