बांध गावाकडे, आपण परदेशात : फोन ठेवल्यावर करायची तयारी

"या नांगरटीला त्याने बांध अजून हातभर कोरला," असा बाबांचा फोन येतो आणि आपण इकडे बसून थेट वकील शोधायला लागतो. मीही तेच केलं होतं. वर त्याच रात्री चुलतभावाला एक लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला. तो भावकीतल्या सगळ्यांच्या फोनवर फिरला आणि पुढची दोन वर्षं मी तोच निस्तरत बसलो. म्हणून यादीत पहिलं हे की गावाकडे कुणालाही काही कळवायच्या आधी बाबांना विचारा, त्यांना नक्की काय हवंय. गेलेली जमीन परत हवी आहे, की पुढचं कोरणं थांबलं तरी चालेल, की चारचौघांत त्याने चूक मान्य करायला हवी? या तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत. आईला हाच प्रश्न वेगळा विचारा, बाबा शेजारी नसताना. शेजारणीशी बोलणं तिचं तुटलेलं असतं आणि ते कुठल्याच अर्जात लिहिलेलं नसतं.

मग कागद, आणि हे काम खरोखर परदेशातून होण्यासारखं आहे. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो. सोबत ८अ, म्हणजे खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा काढा, आणि सातबाऱ्यावर ज्या फेरफारांचे (हक्कातल्या बदलांच्या नोंदींचे) नंबर दिसतात ते सगळे फेरफार. नावं नीट वाचा. जमीन अजून आजोबांच्याच नावावर असेल तर आधी वारसनोंद. तुमचं नाव लागलेलं असेल तर तुम्ही नुसते मदतनीस नाही, खातेदार आहात, आणि सही तुमचीही लागणार.

पण सातबाऱ्यावर हद्द नसते. तिथे नाव आणि क्षेत्र कळतं, जमिनीचा आकार कळत नाही. आकार कळतो तो भूमी अभिलेख कार्यालयातल्या गटाच्या (सातबाऱ्यावर ज्याचा नंबर असतो त्या जमिनीच्या तुकड्याच्या) नकाशातून, जुन्या टिप्पणातून (जुन्या मोजणीच्या वेळच्या मापांच्या रेखाटनातून) आणि फाळणी नकाशातून (पोटहिश्श्यांच्या नकाशातून). त्यांच्या नकला मागवा आणि एकच गोष्ट शोधा. ज्या रेषेवरून भांडण आहे, ती रेषा नकाशावर आहे का? दोन गटांमधली हद्द असेल तर काम सरळ आहे, मोजणीने ती जागेवर दाखवता येते. पण आजोबा आणि त्यांच्या भावाने एकाच गटात तोंडी वाटणी करून मधे बांध घातला असेल, तर सरकारी नकाशाला तो बांध माहीतच नसतो. कितीही वेळा मोजा, मोजणीवाला गटाची बाहेरची हद्द दाखवणार आणि आतली फार तर वहिवाट. अशा वेळी आधी वाटणी कागदावर आणायची. सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे, नसतील तर दिवाणी न्यायालयात. आमच्या घरी हे कळायला दोन मोजण्यांची फी गेली.

क्षेत्राचा हिशेबही एकदा स्वतः करून बघा. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. सातबाऱ्यावरचा आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १०७६ चौरस फूट. अडीच एकर म्हणजे एक हेक्टर असं घराघरात धरून चालतात, त्यात गुंठाभराहून जास्त जमीन नुसत्या बोलण्यातच गायब होते. शेजाऱ्याने खाल्लेली जमीन आणि हिशेबात गेलेली जमीन आधी वेगळी करा.

बाबांच्या वयाला कचेऱ्यांचे हेलपाटे झेपणार नसतील, किंवा तुमचं नाव सातबाऱ्यावर असेल, तर मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) लागेल. परदेशात भारतीय वकिलातीत जाऊन सही करा, किंवा तिथल्या नोटरीसमोर सही करून अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का) करून घ्या. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरायचं असतं, ही तारीख कॅलेंडरवर लावून ठेवा. अधिकार मोजकेच द्या : मोजणीचा अर्ज, नोटीस घेणं, हजर राहणं, जबाब देणं, वकील नेमणं. विक्री, गहाण, बक्षीस यातलं काही त्यात येऊ देऊ नका, माणूस कितीही घरचा असला तरी.

अर्ज करायच्या आधी शेजाऱ्याला निरोप जायला हवा. तो तुमच्याकडून नको, बाबांकडून किंवा दोघांना मानणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्याकडून : "मोजणी आणतोय, तुम्हीही उभे राहा, जे निघेल ते दोघं मानू." नोटीस तर सरकार पाठवणारच आहे. पण ती पहिली कानावर आली की माणूस बिथरतो. सामाईक अर्ज करून फी निम्मी-निम्मी वाटून घेता आली तर अर्धं भांडण तिथेच मिटतं. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात अशी १२ वर्षांहून जुनी अदलाबदल असेल, तर राज्य सरकारच्या सलोखा योजनेत अदलाबदलीच्या दस्तासाठी नाममात्र हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी ठेवलेली आहे. योजनेची मुदत चालू आहे का, ते दुय्यम निबंधकांकडे विचारा.

१२ हा आकडा दुसऱ्या कारणानेही लक्षात ठेवा. परक्याचा उघड, सलग, हक्क सांगत असलेला ताबा १२ वर्षं चालू दिला तर जमीन परत मागायचा दावा मुदतबाह्य ठरू शकतो. भावकीत सामाईक जमीन असेल तर हा नियम इतका सरळ लागत नाही, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका.

मोजणी शक्यतो पीक निघाल्यावर आणि पावसाआधी मागा. त्या दिवशी बाबांना एकटं पाठवू नका. एक शांत डोक्याचा माणूस, हद्दीला लावायला दगड, चुना, हाताशी दोन गडी, आणि जुना बांध पाहिलेला एखादा म्हातारा असू द्या. बांधावरची झाडं, विहिरीची कड, जुने दगड यांचे फोटो आदल्या दिवशीच काढून ठेवा. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं दिसतात. कचेरीत ती पुरावा म्हणून चालतीलच असं नाही, पण शेजाऱ्याच्या मुलाला दाखवायला फार उपयोगी पडतात. व्हिडिओ कॉलवर तुम्ही हजर राहा, पण तोंड उघडू नका.

मोजणीची 'क' प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा, हातात आली की सगळं संपलं असं बाबांना वाटेल. त्यांना आधीच सांगून ठेवा की मोजणी खातं हद्द दाखवतं, ताबा मिळवून देत नाही. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी (वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी) मागता येते, हा हक्क शेजाऱ्यालाही आहे. मोजणी मान्य असूनही तो हटत नसेल तर मात्र दिवाणी दावा. वकील आत्ता शोधायचा, तालुक्याच्या कोर्टात रोज उभा राहणारा.

'क' प्रत स्कॅन करून घरातल्या तिघांकडे ठेवा. दगडांचे फोटो तारखेसकट काढून ठेवा. आणि दरवर्षी नांगरट सुरू व्हायच्या आठवड्यात आईला फोन करून विचारा, दगड जागेवर आहेत ना.