घरी फ्राइड राइस, स्टर-फ्राय करताय? या चुका टाळा

रविवारी तांबडा-पांढरा झाला की आठवड्यात मधेच कधीतरी पोरं म्हणतात, "आज चायनीज कर की." गाडीवरचं तेलकट नको, म्हणून आई घरीच करायला घेते. बेत चांगलाच आहे. भाज्या भरपूर, तेल बेताचं, सोबत अंडी किंवा पनीर, म्हणजे जेवण पुरं. पण ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरात त्याच त्या चुका बघून आता सांगायचाही कंटाळा आलाय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळी भाजी एकदम ओतणं. राजारामपुरीत पुतण्याकडे गेले होते, तेव्हाची गोष्ट. सूनबाईनं आठ माणसांची कोबी, गाजर, फरसबी, सिमला मिरची नुकतीच धुऊन, नीट न निथळताच एका पॅनमध्ये लोटली. गॅस मध्यम, का तर करपेल! दोन मिनिटांत तळाशी तळं. "काकू, पाणी सुटलं की हो!" सुटणारच. मग ते आटवायला पंधरा मिनिटं उकळत ठेवलं, आटेना म्हणून कॉर्नफ्लोअर लावलं, वर सोया सॉस. ताटं मांडल्यावर पुतण्यानं शांतपणे वाटी आणि चमचा मागितला.

कढईत पाणी असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या फारसं वर चढत नाही. भाजीला खमंग, तांबूस कडा यायला १४० अंशांच्या वरची उष्णता लागते. हॉटेलच्या भट्टीची आच घरच्या शेगडीला नसते, मग माल तरी कमी टाकावा. मी लोखंडी कढई धुरावेपर्यंत तापवते, दोन चमचे शेंगतेल सोडते आणि दोन माणसांपुरतीच भाजी टाकते. आठ जण असतील तर चार घाणे. प्रत्येक घाण्याला तीन-चार मिनिटं, म्हणजे एकूण वेळ सूनबाईपेक्षा कमीच. आधी गाजर-फरसबी, मग सिमला मिरची-कोबी, गॅस बंद करताना कांद्याची पात. भाजी दुपारीच धुऊन फडक्यावर पसरून ठेवते. नॉनस्टिक भांडं मात्र रिकामं असं तापवू नका, थर खराब होतो.

"पंधरा मिनिटांत डिनर" म्हणणाऱ्या व्हिडिओंवर माझा राग आहे. त्यात चिरलेल्या भाजीच्या वाट्या आधीच ओळीनं मांडलेल्या असतात. गॅसवरचं काम झटपट होतं, कारण चिराचिरीत अर्धा तास गेलेला असतो. ज्यांना धीर नाही ते गॅस पेटवून मग लसूण सोलायला बसतात आणि इकडे तेल जळतं.

दुसरी चूक भाताची. कुकरमधून काढलेला वाफाळता भात परतला की त्याचा गोळा होतो. इंद्रायणी तर मुळातच चिकट, आणि आजरा घनसाळचा सुवास सोया सॉसखाली मारायला माझा हात धजत नाही. तो आमटीबरोबरच खावा. बासमती किंवा जुना कोलम घ्या, पाणी थोडं कमी घाला, शिजल्यावर परातीत पसरून पंख्याखाली ठेवा. शिळा भात उत्तम, पण रात्रभर ओट्यावर राहिलेला नको. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजला तरी टिकतात. भात बाहेर राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भात तासाभरात फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

आता पौष्टिक म्हणून केलेल्या जेवणातलं मीठ. एका मोठ्या चमचाभर, म्हणजे १५ मिली सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलीग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी २००० मिलीग्रॅमच्या आत राहा म्हणते. त्यात भाताला मीठ, भाजीला मीठ, वर बाटलीतली शेजवान चटणी! मी वेगळं मीठ घालतच नाही. चव उतरली असं वाटलं तर चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबू पिळते.

बारीकसारीक: कॉर्नफ्लोअर गार पाण्यातच कालवा, गरम पाण्यात गुठळ्या होतात. चिकन धाग्याला आडवं, पातळ कापा. लसूण काळा पडला तर तेलासकट टाकून द्या, वाचवायला जाऊ नका. भाजलेल्या तिळाचं तेल फोडणीला नाही, शेवटी थेंबभर.

आणि कांदा-लसूण मसाला. कोल्हापुरात डबा हाताशीच असतो, मोह होतो. एक चमचा टाकला की आलं, सोया, पात सगळं गप्प. चवीला झकास लागतो, मीही दोनदा वाढून घेते, पण त्याला मसालेभात म्हणायचं आणि पाहुण्यांना तसंच सांगून वाढायचं.