मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना बागेत रमवायचं कसं? मुंबईतल्या घरांसाठी पायरीपायरीने

"जा, जरा खाली बागेत खेळ" असं म्हणून धाडलेलं मूल पाच मिनिटांत परत येतं आणि पुन्हा मोबाइल घेऊन बसतं. यात मुलाचा फारसा दोष नसतो. सोसायटीच्या बागेत लॉनवर चालायचं नाही, फुलं तोडायची नाहीत, बॉल आणायचा नाही, मग तिथे करायचं तरी काय? मूल बागेत आपणहून जातं ते तिथे त्याचं स्वतःचं काहीतरी असेल आणि ते काल होतं तसं आज दिसत नसेल तरच. पुढची सगळी खटपट एवढ्यासाठीच आहे. बाग म्हणजे सोसायटीचा कोपरा, गच्ची किंवा दोन कुंड्या मावतील अशी बाल्कनी, काहीही चालेल.

पायरी १ : आधी वेळ ठरवा, मग बाकीचं

मे महिन्यात मुंबईचा पारा बहुतेक दिवस ३३ ते ३५ अंशांच्या आसपास असतो. आकडा नागपूरसमोर किरकोळ वाटतो, पण इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. म्हणून सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच ते सात, या दोनच वेळा ठेवा. सूर्य सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे संध्याकाळी पुरेसा उजेड मिळतो.

बहुतेक घरांत चूक होते ती चार वाजता. दुपारची झोप झाली, दूध पिऊन झालं, की मूल खाली पाठवलं जातं. त्या वेळी ऊन उतरायला लागलेलं असतं, पण फरशी, घसरगुंडी आणि रबराच्या मॅट दिवसभर तापलेल्या असतात. हाताची मागची बाजू घसरगुंडीला पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला ठेववत नसेल, तर मुलाला त्यावर बसवू नका.

कपडे सुती, सैल आणि संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे असावेत, कारण दिवेलागणीला डास वाढतात. दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट पाणी पाजा. मूल मागेल तेव्हा देऊ असं ठरवलंत तर उशीर होतो, खेळात त्याला तहान कळत नाही. परत आल्यावर कोकम सरबत किंवा पन्हं द्या. डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, विनाकारण चिडचिड यांतलं काही दिसलं की लगेच सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसा आणि पाणी पाजा. मूल गुंगल्यासारखं वागलं, नीट बोलेनासं झालं किंवा अंग चटका बसावा इतकं तापलं, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरकडे जा.

पायरी २ : एक तुकडा त्याच्या नावावर करा

सोसायटीच्या सेक्रेटरींकडे "मुलांसाठी बाग हवी" असा मोघम अर्ज केला की तो पुढच्या सभेपर्यंत पडून राहतो. त्याऐवजी कुंपणालगतची तीन बाय चार फुटांची, सकाळचं ऊन येणारी जागा दाखवून पावसाळ्यापर्यंत मागा. परवानगी मिळाली की माळीकाकांना मुलासोबत जाऊन भेटा. हे टाळलं तर आठवड्यात मुलाची रोपं तण म्हणून उपटली जाण्याची दाट शक्यता असते. चार काड्या, एक सुतळी आणि नावाची पाटी लावून हद्द आखा. औषध फवारणी कोणत्या दिवशी असते तेही विचारून घ्या आणि त्यानंतर दोन दिवस मुलांना त्या भागात सोडू नका.

भावंडं असतील तर कुंड्या वेगवेगळ्या, झाऱ्या वेगवेगळ्या. "दोघांनी मिळून करा" म्हटलं की तिसऱ्या दिवशी भांडण ठरलेलं.

कुंडीत लावणार असाल तर दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट मिसळा. नुसती लाल माती पाण्याने घट्ट बसते, मग पाणी वरच साचतं आणि मुळं गुदमरतात. मिसळायचं काम मुलालाच करू द्या, अर्धा तास सहज जातो. बाजारातले रंगीत खेळण्यातले बागकाम-संच घेऊ नका. त्यांतलं खुरपं पहिल्या कडक ढेकळाला वाकतं. जुना स्टीलचा मोठा चमचा त्याहून टिकतो.

पायरी ३ : पहिलं पीक मेथीचं

पालक हौसेने कोथिंबीर, टोमॅटो नाहीतर स्ट्रॉबेरीपासून सुरुवात करतात आणि तिथेच मुलाचा उत्साह मरतो. कोथिंबीर उगवायलाच आठ-दहा दिवस घेते आणि मेच्या उष्म्यात नीट धरत नाही. टोमॅटोला फळ यायला दोन-अडीच महिने लागतात, तोवर शाळा सुरू झालेली असते. स्ट्रॉबेरी थंड हवेची. सहा-सात वर्षांच्या मुलाला तिसऱ्या दिवशी काहीतरी दिसलंच पाहिजे, आणि ते मेथीत दिसतं. मुंबईच्या बाजारात छोट्या जुड्यांनी मिळणारी, वाळूत वाढवलेली समुद्रमेथी मुलांनी पाहिलेली असते. आपल्याला तीच घरी करायची आहे.

तीन-चार इंच खोल मिठाईचा किंवा केकचा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाला सहा-आठ भोकं मोठ्यांनी पाडून द्या. स्वयंपाकघरातले दोन मोठे चमचे मेथीदाणे रात्री पाण्यात भिजवा. सकाळी डबा निम्मी माती आणि निम्मी धुतलेली वाळू यांनी भरा. वाळू समुद्रावरून आणू नका, ती खारट असते. दाणे वर पसरा, एकमेकांवर चढू देऊ नका, आणि अर्धा सेंटीमीटर मातीने झाका. मुलं बी खोल पुरतात, "नीट झोपवलंय" म्हणून, आणि मग ते वर येत नाही. तेव्हा मुलालाच बोटाच्या नखाएवढं माप दाखवा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोंब दिसतात. दहा-बारा दिवसांत तीन-चार इंच वाढ झाली की मुलाने कात्रीने कापायची आणि त्याच दिवशी भाजीत किंवा थालीपिठात घालायची. स्वतः कापलेली मेथी एरवी नाक मुरडणारं मूलही निदान चाखून बघतं.

बिघडतं ते तीन कारणांनी. दाटी आणि पाणी जास्त झालं तर मातीवर पांढरी बुरशी येते. त्यावर उपाय म्हणजे विरळणी करून एक वेळचं पाणी बंद करणं. डबा दुपारच्या थेट उन्हात राहिला तर कोंब माना टाकतात, तो सावलीत हलवा. तिसरं कारण कबुतरं. डबा उघडा दिसला की ती दाणे उकरतात, म्हणून पहिले चार दिवस त्यावर जुनी चाळण किंवा नायलॉनची जाळी ठेवा. कबुतरांची विष्ठा मात्र मुलांकडून साफ करून घेऊ नका. ती आधी ओली करून, नाका-तोंडाला फडकं बांधून मोठ्यांनीच पुसावी.

पायरी ४ : रोज दोनदा जायला कारण द्या

इथे फुलं कामाला येतात. ऑफिस टाइम नावाच्या फुलझाडाची चार इंचांची फांदी शेजाऱ्यांकडून मागून आणा, खालची पानं काढा आणि ओल्या मातीत दोन इंच खोचा. आठ-दहा दिवसांत ती मूळ धरते. हिला कडक ऊन लागतं, सावलीत कळ्या उघडतच नाहीत. फुलं नऊ-दहाच्या सुमारास उघडतात आणि दुपारी मिटतात. शेजारच्या कुंडीत गुलबक्षी लावा. ती संध्याकाळी चारच्या पुढे उमलते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोमेजते. दोन्ही झाडं फुलावर आली की मुलाने भिंतीवरच्या कागदावर कोणतं फूल किती वाजता उघडलं ते लिहायचं. ढगाळ दिवशी वेळा चुकतात, आणि त्या का चुकल्या हे त्याचं त्यालाच शोधू द्या. गुलबक्षीचं काळं, मिऱ्यासारखं बी विषारी असतं, ते तोंडात घालायचं नाही हे लावतानाच सांगा.

लहानांसाठी पानफुटीचं पान आणखी सोपं. पान ओल्या मातीवर आडवं ठेवायचं, पुरायचं नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत कडेच्या खाचांतून इवली रोपं येतात.

आणि भर दुपारी बाहेर जाण्याचा एकच अपवाद. मुंबईत साधारण १५-१६ मेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी बारा पस्तीसच्या सुमारास सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या तळाशी नाहीशी होते. हा शून्य सावली दिवस. गच्चीत सरळ बाटली उभी करा, टोपी घाला, पाच मिनिटं बघा आणि खाली या. आदल्या आठवड्यापासून रोज त्याच वेळेची सावली खडूने आखली असेल तर मजा दुप्पट.

पायरी ५ : पाणी कमी कसं घालायचं हे शिकवा

मुलांच्या हातून झाडं मरतात ती बहुधा बुडून. पाणी घालणं हेच सगळ्यात मजेचं काम असल्यामुळे ती दिवसातून पाच वेळा घालतात. नियम एकच ठेवा. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायची, ओल लागली तर पाणी नाही. बारा इंचांच्या कुंडीला मेमध्ये सकाळी साधारण एक लिटर, तळातून थेंब येईपर्यंत, पुरतं. मेथीच्या डब्याला फक्त शिंपडा.

झारी विकत घेऊ नका. एक लिटरच्या बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या सुईने मोठ्यांनी आठ-दहा भोकं पाडली की झाली झारी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, एवढं पाच वर्षांचं मूल उचलतं. पाच लिटरची झारी ते फरफटत नेतं आणि निम्मं पाणी जिन्यात सांडतं. पाणीकपातीच्या दिवसांत तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी किंवा एसीखालच्या बादलीतलं पाणी चालतं.

कुंडीखालच्या थाळ्यांत पाणी साचू देऊ नका. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला या हवेत आठवडाभर पुरतो, त्यामुळे रविवारी सगळ्या थाळ्या ओतून, घासून, वाळवून ठेवायच्या. हे काम मुलाकडेच द्या आणि थाळीत वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर त्याला आधी नीट बघू द्या. पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या परळालाही तोच नियम, तिथलं पाणी रोज बदलायचं.

पायरी ६ : किडे आणि झाडं, काय बघायचं आणि काय टाळायचं

कढीपत्ता किंवा लिंबाचं रोप असेल तर औषध मारू नका. त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली की पोरांची सुट्टी वसूल. काही दिवसांत ती हिरवी होते, मग कोश करते आणि त्यातून फुलपाखरू येतं. अळीला काडीने हलकेच डिवचलं तर ती डोक्यामागून लालसर दुहेरी शिंगं काढते आणि उग्र वास येतो. त्याने काही इजा होत नाही. केसाळ सुरवंटांचं मात्र उलटं. विशेषतः शेवग्यावरच्या. हात लागला की आग होते आणि पुरळ येतं. केस चिकटपट्टीने काढा, चोळू नका.

बिट्टी, कण्हेर आणि रुई मुंबईतल्या बागांत सर्रास दिसतात. बिट्टीच्या बियांनी मुलं खेळतात, पण त्या पोटात गेल्या तर जिवावर बेततं. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. नारळाखाली बसायचं नाही. वीट किंवा पालापाचोळा उलटायचा तो काठीने. आणि कुंड्या कठड्यावर ठेवायच्या नाहीत, ग्रिलवर चढायचं नाही, यात घासाघीस नको.

घराजवळ जागाच नसेल तर आठवड्यातून एकदा भायखळ्याची राणीची बाग गाठा, पण बुधवारी ती बंद असते. माहीमचं निसर्ग उद्यान कचऱ्याच्या जुन्या डम्पिंग ग्राउंडवर उभं राहिलेलं आहे, हे मोठ्या मुलांना तिथे गेल्यावर सांगा.

पायरी ७ : आंबा-फणसाच्या बिया आणि गावाची सुट्टी

आंबा खाल्ल्यावर कोय धुऊन दोन दिवस सावलीत वाळवा. कडेची टणक साल मोठ्यांनी कात्रीने उघडून आतलं बी काढा आणि ओल्या मातीत दोन इंच खोल लावा. हापूसपेक्षा रायवळ आंब्याची कोय घ्या, कोकणातल्या रोपवाटिकाही कलमांसाठी तीच वापरतात. दोन-तीन आठवड्यांत तांबूस पानांचं रोप येतं. फणसाच्या आठळ्या ताज्याच लावा, वाळल्या की उगवत नाहीत.

आणि ऐन मेमध्ये दहा-पंधरा दिवस गावाला जायचं असतं, तिथे सगळी मेहनत वाळून जाते. निघण्याआधी कुंड्या सावलीत एकत्र ठेवा आणि मातीवर दोन इंच सुका पाला किंवा नारळाची सोडणं पसरा. पाण्याची बादली कुंड्यांपेक्षा थोडी उंचावर ठेवा. तिच्यात जाड सुती नाडा बुडवा आणि दुसरं टोक कुंडीत तीन इंच पुरा, प्रत्येक कुंडीला वेगळा नाडा. बादलीचं तोंड कापडाने घट्ट बांधा, नाहीतर तिथेच डास होतील. ही युक्ती निघण्याआधी तीन-चार दिवस करून बघा, काही नाडे पाणी ओढतच नाहीत. मेथीचा डबा मात्र शेजारच्या काकूंकडे द्या आणि कधी, किती पाणी घालायचं ते मुलाच्या हाताने लिहून सोबत द्या.