कॉमर्सवाल्यांनी खाडीत काम कसं शोधावं

"ताई, मी कॉमर्सची आहे. सायन्स दहावीनंतर सुटलं. मला वन्यजीवांसाठी काम करायचंय, पण आता उशीर झाला ना?" असा फोन मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. कळवा, डोंबिवली, ऐरोली, नेरूळ अशा ठिकाणची मुलं-मुली असतात. कोणी बँकेत असतं, कोणी कॉलसेंटरमध्ये, कोणी नुकतंच बी.ए. झालेलं. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यांनी सांगते, म्हणून आज एकदा नीट बसून लिहिते आहे.

मी बी.कॉम. आहे. नौपाड्यात एका सीएच्या ऑफिसात ११ वर्षं टॅली, रिटर्न आणि ऑडिटची कामं केली. गेली ६ वर्षं ठाणे खाडी आणि कांदळवनावर (खाडीकाठच्या खारफुटीवर) काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत आहे. हिशेब बघते, निधीसाठी प्रस्ताव लिहिते आणि हिवाळ्यात आठवड्यातून एक सकाळ चिखलाच्या कडेला उभी राहून पक्षी मोजते. म्हणजे उशीर झालेला नाही. पण मी पहिली दोन वर्षं चुकीच्या दिशेने घालवली, ती तुमची जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

चूक अशी, की मी अर्धवट शास्त्रज्ञ व्हायला निघाले होते. शनिवार-रविवारचे कोर्स, प्रमाणपत्रं, लॅटिन नावांचं पाठांतर. त्यातून माहिती मिळाली, काम मिळालं नाही, कारण प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेली मुलं माझ्यापेक्षा ते केव्हाही चांगलं करणार होती. संस्थेला माझ्याकडून हवं होतं ते वेगळंच. तुमच्या हाताला जे काम येतं तेच घेऊन जा, आणि त्याच्या जोडीला एक जागा, एकच, वर्षभर बघा. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

आधी दारं तपासा

काही दारं खरंच बंद आहेत, ती आजच कळलेली बरी. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला विज्ञानाचे ठरावीक विषय, शेती, वनशास्त्र किंवा इंजिनिअरिंग अशीच पदवी लागते. बी.कॉम., बी.ए.ला तिथे बसता येत नाही.

वनरक्षकाचं मात्र तसं नाही, आणि हे बहुतेकांना माहीत नसतं. महाराष्ट्र वन विभागाच्या भरतीत बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय असला तरी अर्ज करता येतो. कॉमर्सला अर्थशास्त्र असतंच. लेखी परीक्षेबरोबर धावण्याची चाचणी असते, पुरुषांना ५ किलोमीटर, महिलांना ३. वयाची मर्यादा आणि इतर अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. वन विभागात लेखापालाचंही पद असतं. जंगलाचा पैसा कसा फिरतो ते तिथे बसून जितकं कळेल तितकं बाहेरून कळत नाही.

"पदवी नाही" म्हणून खचलेल्यांना मी पक्षीतज्ज्ञ सालिम अलींची गोष्ट सांगते. त्यांनी मुंबईच्या डावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्र शिकायला सुरुवात केली होती. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे प्राणी सर्वेक्षण विभागातली पक्षीतज्ज्ञाची जागा त्यांच्या हातून गेली. मग १९२६ मध्ये ते मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात निसर्ग-इतिहास विभागात गाइड झाले आणि पुढे बर्लिनला जाऊन जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकले. शिकणं त्यांनाही चुकलं नाही, हे त्या गोष्टीतलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

एक जागा

ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्याला जागा शोधायला ताडोब्याला जावं लागत नाही. ठाण्याला लागून येऊरचं जंगल आहे, पनवेलजवळ कर्नाळा अभयारण्य आहे, आणि दोन शहरांच्या मधोमध खाडी आहे. ठाणे खाडीचं रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं. ऐरोलीत कांदळवन विभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. स्टेशनवरून रिक्षाने जाता येतं. हंगामात तिथून रोहित बघायला बोटी सुटतात. सुरुवात तिथून करा.

पण बोटीत एकदा बसलं म्हणजे खाडी बघितली असं होत नाही. मी मुलुंडहून रबाळ्याच्या एका कारखान्यात ऑडिटला जायची, ऐरोलीच्या पुलावरून. बसच्या खिडकीतून कधी चिखलावर गुलाबी पट्टा दिसायचा, कधी नुसतं पाणी. कोणत्या दिवशी दिसतात आणि कोणत्या दिवशी नाही, हे मला कोणत्याही कोर्समध्ये कळलं नव्हतं. दिवा कोळीवाड्यातल्या एका काकांनी पाच मिनिटांत सांगितलं. "तिथीला पाऊणने गुण पोरी, भरतीची वेळ मिळंल."

पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे किनाऱ्यावर पावणेचारच्या आसपास भरती, आणि त्याआधी सहा तास, सकाळी पावणेदहाच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला सहाची भरती. खाडीत आतपर्यंत पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो, तो तुमच्या जागेप्रमाणे जोडायचा. हल्ली भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतं, तरीही तिथीवरून मनात हिशेब करायची सवय लावा. उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) हे शब्द तुमच्या बोलण्यात आले की कोळीवाड्यात लोक तुमच्याशी वेगळं बोलतात.

ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा रोहित तिथे चरतात. भरतीत चिखल बुडला की ते नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर जाऊन उभे राहतात: एनआरआय संकुलामागे, टी. एस. चाणक्यजवळ, डीपीएस तलावावर. हे मी वहीत तारखा लिहून-लिहून स्वतः बघितलं, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की अभयारण्याची हद्द खाडीत संपते पण पक्ष्याचं घर संपत नाही. तलावात येणारं भरतीचं पाणी अडलं तर अभयारण्य जागच्या जागी राहूनही पक्षी बेघर होईल. आज मी प्रस्ताव लिहिते तेव्हा ही गोष्ट मला कुणाला विचारावी लागत नाही.

वर्षभर जा म्हणते ते यासाठीच. पावसाळ्यात रोहित नसतात. तेव्हा तिवर, चिपी ही कांदळवनाची झाडं बघा. पांढरी चिपी २०२० पासून राज्याचा कांदळवृक्ष आहे. चिखलावर उड्या मारणारे निवट्या मासे बघा, चिंबोऱ्यांची बिळं बघा. कोळी बायकांना विचारा की पंधरा वर्षांपूर्वी जाळ्यात काय यायचं. त्यांचं उत्तर तारखेसकट वहीत लिहा.

पक्ष्यांची नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर करा: वेळ, किती चाललात, दिसलेली प्रत्येक जात आणि संख्या. नुसते रोहित लिहून बाकीचे सोडू नका. कावळा आणि साळुंकीही लिहायची. ओळखता आलं नाही तर तसं लिहा, अंदाजाने नाव ठोकू नका. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. दोन्हींत नवख्यांना घेतात, आणि जाणत्या माणसांशी ओळख तिथेच होते. पक्षी, वनस्पती, कीटक यांचा पाया हवा असेल तर १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे (बीएनएचएस) अभ्यासक्रम आहेत. एक करा, पण जागा बघायला लागल्यावर करा. म्हणजे शिकवलेलं कुठे चिकटवायचं ते कळतं.

हातातलं काम

मी ज्या संस्थेत पहिल्यांदा गेले तिथे तीन महिन्यांची बिलं बिस्किटाच्या डब्यात होती. खेकड्यांवर काम करणारी एक संशोधक मुलगी रात्री अकरापर्यंत ती बिलं लावत बसायची आणि सकाळी ओहोटी चुकवायची. बोटीच्या डिझेलचं बिल नाही म्हणून तो खर्च तिने स्वतःच्या खिशातून भरला होता. मी दोन शनिवार बसले. बोटवाल्या काकांकडे छापील बिल नसतं, पण संस्थेचं व्हाउचर तयार करून त्यावर तारीख, फेरी कशासाठी, रक्कम, त्यांची सही घेता येते, आणि रोख पावती ५,००० रुपयांच्या वर गेली तर १ रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावायचं. आमच्या ऑफिसात हे पोऱ्यालाही माहीत होतं, आणि तिथे त्यावाचून अडलं होतं. तिसऱ्या शनिवारी ती मुलगी खाडीत होती. मला त्या दिवशी जे समाधान मिळालं ते कुठल्याही प्रमाणपत्राने दिलं नव्हतं.

हिशेबवाल्यांनी हे शिकून जावं: संस्थेच्या आणि देणगीदाराच्या करसवलतीच्या नोंदण्या (१९६१ च्या आयकर कायद्यातली १२ए आणि ८०जी) म्हणजे काय, विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, कसं बनतं, एका प्रकल्पाचा पैसा दुसऱ्यात का वळवता येत नाही. परदेशी निधी कायद्याची २०२० ची दुरुस्ती वाचा. तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आहे. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी, म्हणजे तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के, वन्यजीव संवर्धनालाही चालतो. पण संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी नसेल तर १ एप्रिल २०२१ पासून तो मिळत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एवढे कारखाने, एवढी ऑफिसं आहेत. त्यांच्या भाषेत अर्ज लिहू शकणारा माणूस छोट्या संस्थांकडे क्वचितच असतो.

तुम्ही पत्रकारितेतले असाल तर बिबट्याचं उदाहरण घ्या. २०११ मध्ये 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' सुरू झालं तेव्हा सुनील लिमये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे (एसजीएनपी) संचालक होते आणि विद्या अत्रेय यांच्यासारख्या अभ्यासक सोबत होत्या. त्यांनी पत्रकारांशी, पोलिसांशी, उद्यानाच्या कडेच्या सोसायट्यांशी बोलायला सुरुवात केली. बिबट्या दिसला म्हणजे पकडायलाच हवा असं नाही, आणि पकडून दुसरीकडे सोडल्याने प्रश्न मिटत नाही, हे लोकांना त्यांच्या भाषेत पटवायचं होतं. उद्यानाचाच भाग असलेल्या येऊरच्या पायथ्याच्या सोसायट्यांत हे काम अजून संपलेलं नाही. चांगलं मराठी लिहिता-बोलता येणाऱ्या माणसाची तिथे नेहमी गरज असते.

कायदा शिकलेल्यांनी मुंबई उच्च न्यायालयाचा कांदळवनावरचा २०१८ चा निकाल मुळातून वाचावा. कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टा त्यात आहे. माहितीचा अधिकार वापरायला शिका, अर्जाला १० रुपये लागतात. संगणकवाल्यांनी क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर शिकावं, ते फुकट आहे. शिक्षकांना तर सांगायलाच नको, शाळा तुमच्या हातात आहे.

सावधगिरी

पैसे घेऊन "वन्यजीव इंटर्नशिप" देणाऱ्यांपासून जपा. मी अशा एका ठिकाणी १८,००० रुपये भरले. दहा दिवस जीपमधून फिरवलं, पाहुण्यांच्या जेवणाच्या याद्या करायला लावल्या आणि शेवटी कागद दिला. भरण्याआधी विचारा: मी गोळा केलेली नोंद कोण वापरणार, आणि मागच्या वर्षीच्या नोंदींचं काय झालं? उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे भरू नका.

जखमी पक्षी किंवा साप दिसला तर घरी नेऊ नका. तुमचा हेतू चांगला असला तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो गुन्हा ठरू शकतो, आणि तुमच्या हाताळण्याने तो जीव मरूही शकतो. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. घरट्याजवळ जाऊन फोटो काढणाऱ्या गटात असाल तर त्या गटातून बाहेर पडा.

पगाराचं खरं सांगते. मी ३४,००० सोडून २२,००० वर आले. आई म्हणाली, "हिशेबच लिहायचा, तर इथे काय वाईट होतं?" तिला एका जानेवारीत खाडीवर घेऊन गेले. तेव्हापासून ती तो प्रश्न विचारत नाही, पण घरखर्चाचा प्रश्न तिच्या गप्प बसण्याने सुटला नाही. मी आधी एक वर्षाचा खर्च बाजूला टाकला होता आणि पहिले आठ महिने नोकरी सांभाळून फक्त शनिवारी गेले. घरावर कर्ज असेल तर शनिवारचाच मार्ग धरा, दोन वर्षं, पाच वर्षं, कितीही. शनिवारी येणाऱ्या माणसाला कोणी कमी लेखत नाही, न कळवता न येणाऱ्याला मात्र लेखतात.

आता पत्र. "मला निसर्गाची आवड आहे, काही काम असेल तर कळवा" असं लिहू नका, अशा मेलला काय उत्तर द्यावं ते आम्हाला कळत नाही. असं लिहा:

"नमस्कार. मी कळव्यात राहते, अकाउंट्सची कामं करते, टॅली आणि जीएसटी येतं. गेल्या ऑगस्टपासून ऐरोलीच्या खाडीकाठी महिन्यातून तीनदा पक्ष्यांची नोंद करते आहे, ई-बर्डवर ३१ याद्या आहेत. पुढचे सहा महिने दर शनिवारी सकाळी १० ते २ येऊ शकते. तुमच्या प्रकल्पाची बिलं किंवा विनियोग प्रमाणपत्राचं काम असेल तर करीन."

खाली फोन नंबर आणि यादीची लिंक. मार्च-एप्रिलमध्ये पाठवलंत तर उत्तर लवकर येईल, कारण वर्षअखेरीला प्रत्येक संस्था हिशेबात बुडालेली असते. पंधरा दिवस वाट बघा, पुन्हा एकदा तेच पत्र पाठवा, आणि त्यानंतरही काही आलं नाही तर फोन करून त्यांच्या पुढच्या पक्षीगणनेला कधी आणि कुठे यायचं एवढंच विचारा.